फायलीच्या माथ्यावरच्या दोन ओळी

छापील मराठी नाटकाचे पुस्तक उघडले की पात्रपरिचयाच्या आधी बहुधा एक सूचना भेटते: प्रयोगाचे, भाषांतराचे, रूपांतराचे हक्क अमुक व्यक्तीकडे आहेत, प्रयोगापूर्वी लेखी परवानगी घ्यावी. हौशी मंडळांना ती कटकटीची वाटते, पण निदान कोणाचे दार ठोठवायचे ते तिच्यामुळे कळते. मुक्त सॉफ्टवेअरच्या फायलीच्या माथ्यावर ज्या दोन-चार ओळी असतात त्या याच कुळातल्या, फक्त उलट्या दिशेने बोलणाऱ्या. नाटकाची सूचना म्हणते, विचारल्याशिवाय करू नका. या ओळी म्हणतात, विचारत बसू नका, करा. मात्र एवढे पाळा. त्या कशा लिहायच्या, कुठे ठेवायच्या, परवान्याचा पूर्ण मजकूर कोणत्या फायलीत घालायचा याची कृती पुढील पानांत येईलच. त्याआधी एक वाजवी शंका निकालात काढायला हवी. जे सॉफ्टवेअर सगळ्यांसाठीच आहे, त्याच्यावर मालकाचे नाव आणि कायद्याची भाषा हवीच कशाला? माझे म्हणणे असे, की या ओळी नसतील तर ते सॉफ्टवेअर मुक्त नसतेच. देणाऱ्याच्या मनात कितीही औदार्य असो.

कायद्याची मूळ स्थितीच तशी आहे. बर्न करार १८८६ चा. बर्लिनमध्ये १९०८ साली त्यात सुधारणा झाली आणि ठरले, की कॉपीराइट मिळण्यासाठी नोंदणी, सूचना, शिक्का यांतले काही लागणार नाही. कृती निर्माण झाली की हक्क निर्माण झाला. भारताचा १९५७ चा कायदाही याच पायावर उभा आहे आणि १९८४ च्या दुरुस्तीपासून त्यातल्या 'साहित्यकृती'त संगणकाचा प्रोग्रामही मोडतो. त्यामुळे रात्री बसून लिहिलेली २० ओळींची स्क्रिप्ट आणि ६०० पानांची कादंबरी कायद्याच्या एकाच पंगतीला बसतात. दोघींवर लेखकाच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षे हक्क राहतो. अमेरिका मात्र बराच काळ वेगळ्या वाटेने चालली होती. तिथे हक्कसूचना न छापता कृती प्रसिद्ध केली तर हक्कच हातचा जाण्याची वेळ येई. १ मार्च १९८९ रोजी अमेरिका बर्न करारात आली आणि ती अट संपली. ही तारीख प्रोग्रामरांनी लक्षात ठेवावी अशी आहे. टेपवर कोड भरून एका प्रयोगशाळेने दुसरीला देण्याची सवय पडली ती या तारखेच्या आधीच्या जगात, जिथे सूचना नसलेली वस्तू पुष्कळदा खरोखरच कोणाची नसे. मौन ही संमती हा व्यवहार तेव्हा काही अंशी कायद्यालाही धरून होता. त्यानंतर मौनाचा अर्थ नकार झाला; सवय मात्र जुनीच राहिली. रिचर्ड स्टॉलमन यांच्या जीएनयू प्रकल्पाने जीपीएल या परवान्याची पहिली आवृत्ती काढली ती नेमकी फेब्रुवारी १९८९ मध्ये. योगायोगच, पण बोलका.

इंटरनेटवर कोड उघड ठेवला म्हणजे तो दिलाच की, असे अनेकांना वाटते. कुंपणावरून आंबा दिसतो म्हणून तो तोडायची मुभा मिळत नाही, तसेच हे. याचे सर्वांत शिकवणारे उदाहरण क्यूमेल या टपाल-सर्व्हरचे. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातले गणिती डॅनियल बर्नस्टाइन यांनी तो १९९० च्या दशकात लिहिला. सुरक्षेच्या बाबतीत त्याचा लौकिक मोठा होता, सोर्स कोड कोणालाही उतरवून घेता येई, आणि वापरण्यासाठी परवान्याची गरजच नाही अशी बर्नस्टाइन यांची भूमिका होती: उतरवून घेतलेली प्रत स्वतःपुरती वापरायला, तिच्यात दुरुस्ती करायला कायदाच मुभा देतो. तर्क चुकीचा नव्हता. पण दुरुस्त केलेली प्रत दुसऱ्याला द्यायची तर मालकाची अनुमती लागते, आणि ती तिथे नव्हती. परिणाम असा, की लिनक्सची वितरणे तयार करणाऱ्यांना क्यूमेल आपल्या पद्धतीने बांधून देता येईना. डेबियन या वितरणाने नुसता मूळ कोड बांधून दिला आणि तो जुळवण्याचे काम वापरणाऱ्यावर सोपवले. सुधारणा करणारे आपापले पॅच वेगळे वाटत राहिले. ठिगळांवर ठिगळे चढत गेली. अखेर नोव्हेंबर २००७ मध्ये बर्नस्टाइन यांनी क्यूमेलवरचा हक्कच सोडून दिला. मधल्या काळात रीतसर परवाना घेऊन आलेल्या पोस्टफिक्स या दुसऱ्या टपाल-सर्व्हरने बरेच मैदान मारले होते. त्याचे सगळे श्रेय परवान्याला देणे अतिशयोक्ती होईल; पण ज्याला वाटता येत नाही त्याला आपोआप वाली मिळत नाही, एवढे तरी यातून दिसते.

मग शेवटी बर्नस्टाइन यांनी केले तेच आधीपासून का करू नये? हक्कच सोडून द्यावा, म्हणजे परवान्याचा प्रश्न उरत नाही. हा आक्षेप मला सर्वांत आकर्षक वाटतो आणि सर्वांत फसवाही. एसक्यूलाइट हा डेटाबेस आज जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये आहे आणि त्याच्या निर्मात्यांनी तो लोकार्पण केलेला आहे. तरीही तेच निर्माते त्याचा परवाना विकतात, आणि घेणारे पैसे मोजून घेतात. कारण असे लोकार्पण सगळ्या देशांचे कायदे ओळखतातच असे नाही, आणि मोठ्या कंपनीच्या विधी विभागाला 'हे कोणाचेच नाही' या वाक्यापेक्षा 'हे यांनी तुम्हाला दिले' हा कागद जास्त भरवशाचा वाटतो. भारतात तर हक्क सोडायलाही लिहावे लागते. कायद्याच्या कलम २१ नुसार लेखकाने कॉपीराइट निबंधकाला विहित नमुन्यात कळवायचे, किंवा २०१२ च्या दुरुस्तीनंतर, जाहीर सूचना द्यायची. म्हणजे लिहिण्याचा कंटाळा म्हणून हक्क सोडायला निघालेला माणूस पुन्हा लिहायलाच बसतो. क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने २००९ मध्ये काढलेल्या सीसी-झीरो या दस्तऐवजात म्हणूनच दुहेरी सोय आहे: हक्क सोडता येत असेल तर सोडला, येत नसेल तर हा घ्या बिनशर्त परवाना.

भारतीय वाचकाने आणखी दोन कलमे डोळ्यांसमोर ठेवावीत, कारण परवान्यांचे प्रचलित मजकूर बहुतेक अमेरिकेत लिहिले गेले आणि आपले कलम वाचून ते कोणी लिहिले नाहीत. कलम ३० म्हणते की परवाना लेखी हवा. म्हणजे 'घे रे, वापर खुशाल' हे तोंडी औदार्य कच्चे. आणि कलम ३० अ हे कलम १९ चे नियम परवान्यांनाही योग्य त्या फेरफारांसह लावते. त्या नियमांनुसार मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरायची आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता. आता एमआयटी परवाना काढून वाचा: अवघे तीन परिच्छेद, आणि त्यांत ना मुदत ना प्रदेश. जीपीएलच्या १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीतही मुदत नाही. २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत मात्र 'कॉपीराइट टिकेल तोवर' अशा अर्थाचे स्पष्ट शब्द आहेत, आणि अपाची परवान्याची दुसरी आवृत्ती 'कायमचा' आणि 'जगभर' हे दोन्ही शब्द घालते. शब्दशः वाचले तर पुण्यात लिहिलेला, एमआयटी परवान्याखाली दिलेला कोड सहाव्या वर्षी कोणाच्या भरवशावर वापरायचा? न्यायालय इतके कोरडे वाचन करील असे मला वाटत नाही. ज्या दस्तऐवजाचा सगळा रोख खुलेपणाने देण्याकडे आहे त्याला पाच वर्षांची कात्री लावणे विचित्र ठरेल. तरीही शंका ठेवून देण्यापेक्षा ती मिटवून देणे सोपे आहे. परवाना निवडताना हे दोन शब्द आहेत का ते पाहावे, नसतील तर आपल्या सूचनेत मुदत आणि प्रदेश यांची एक ओळ वाढवावी. मूळ मजकुराला हात लावू नये.

परवाना मुळाशी एका फायलीत ठेवला की पुरे, प्रत्येक फायलीवर त्याची चिठ्ठी कशाला, हा आक्षेप कामकरी प्रोग्रामरांचा. कायद्याच्या दृष्टीने त्यांचे बरोबर आहे. परवाना दिला गेला हे एका फायलीतूनही सिद्ध होते. पण पुस्तकाचे पान सहसा पुस्तक सोडून जात नाही आणि कोडची फाइल नेहमीच जाते. कोणाला तारखा जुळवणारे एक फंक्शन हवे असते, तो एवढीच फाइल उचलतो, तिसरा त्याच्याकडून घेतो, आणि चौथ्याच्या हाती ती येते तेव्हा मूळ घर कुठले ते कोणी सांगू शकत नाही. जीपीएलच्या मजकुराला जोडलेल्या परिशिष्टात म्हणूनच सल्ला आहे की प्रत्येक फायलीत निदान कॉपीराइटची ओळ आणि पूर्ण सूचना कुठे मिळेल त्याचा पत्ता असावा. सल्ला किती पाळला जातो हे लिनक्सच्या गाभ्यात दिसले. २०१७ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन, थॉमस ग्लाइक्सनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या फायली तपासल्या, तेव्हा परवान्याचा उल्लेखच नसलेल्या ११,००० हून अधिक फायली निघाल्या. जगातल्या सर्वाधिक तपासल्या जाणाऱ्या कोडची ही स्थिती. मुळाशी परवाना होता म्हणून त्या सगळ्यांवर एकाच वेळी ओळ चढवता आली, पण आधी त्या कुठून आल्या हे पाहावे लागले. जिथे सूचना होती तिथेही एकाच जीपीएलचे शब्द शेकडो तऱ्हांनी लिहिलेले होते; कुणी वाक्य गाळलेले, कुणी मनचे घातलेले. कित्येक जुन्या फायलींत तर परवान्याची प्रत मागवण्यासाठी, जीपीएल प्रसिद्ध करणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचा टपाली पत्ता दिलेला असतो: कुठे केंब्रिजमधला, कुठे बोस्टनच्या टेंपल प्लेसमधला, कुठे फ्रँकलिन स्ट्रीटवरचा. ते शेवटचे कार्यालयही २०२४ मध्ये बंद झाले. आता पत्र पाठवणारा कोणी उरला असेल असे नाही, पण पुराणवस्तू म्हणून या पत्त्यांची गंमत आहे. यावरचा उपाय म्हणजे एसपीडीएक्स खूण: पहिल्या ओळीत परवान्याचे ठरीव लघुनाव, यंत्राला आणि माणसाला सारखेच वाचता येणारे. २०२१ मध्ये त्या पद्धतीला आयएसओचे मानक म्हणून मान्यता मिळाली. फाइल 'फार भरते' ही तक्रार एका ओळीपुढे टिकत नाही.

त्या ओळीत नेमके काय लिहिता यावर पुढची कित्येक वर्षे ठरतात. जीपीएलचा मजकूर दोन्हीकडे एकच असतो; 'फक्त दुसरी आवृत्ती' की 'दुसरी किंवा नंतरची कोणतीही' हे फायलीच्या माथ्यावरच ठरते. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी गाभ्यासाठी पहिला पर्याय निवडला, म्हणून २००७ ची तिसरी आवृत्ती तिथे आली नाही आणि येणारही नाही. दुसऱ्या पर्यायाची ताकद विकिपीडियावर दिसली. विकिपीडियाचा मजकूर सुरुवातीला जीएनयूच्या दस्तऐवज-परवान्याखाली होता. तो परवाना सॉफ्टवेअरच्या पुस्तिकांसाठी लिहिलेला. एक परिच्छेद उचलायचा तरी सोबत अख्खा परवाना छापायचा. पण तिथे 'किंवा नंतरची आवृत्ती' हे शब्द होते. नोव्हेंबर २००८ मध्ये त्या परवान्याची नवी आवृत्ती आली, तिने अशा संकेतस्थळांना क्रिएटिव्ह कॉमन्सकडे जाण्याची वाट मोकळी केली, आणि २००९ मध्ये मराठीसह सर्व भाषांतले विकिपीडिया तिकडे गेले. लाखो लेखकांना, त्यांतले कित्येक टोपणनावाचे, एकेक करून विचारणे अशक्यच होते. अर्थात या शब्दांना दुसरी बाजू आहे: उद्याची आवृत्ती लिहिणाऱ्या संस्थेवर आज विश्वास टाकावा लागतो. टॉरवाल्ड्स यांनी तो टाकला नाही, आणि त्यांना चूक म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. निवड जाणून करावी. दुसऱ्याच्या फायलीतून सूचना उचलून आपल्या फायलीवर डकवताना ती नकळत होऊन जाते, हे वाईट.

आता दुसरी ओळ: कॉपीराइट, साल, नाव. परवाना काय दिले ते सांगतो, ही ओळ कोणी दिले ते सांगते. आणि ज्याचा हक्क नाही त्याने दिलेला परवाना म्हणजे शेजाऱ्याचे शेत दान करणे. इथे सातबाराची आठवण होणे स्वाभाविक आहे. सातबारा जमीन निर्माण करत नाही, तशी ही ओळही हक्क निर्माण करत नाही. पण व्यवहार करणारा पहिल्यांदा तोच मागतो. हिंजवडीत किंवा ऐरोलीत नोकरी करणाऱ्या अभियंत्याने या ओळीत स्वतःचे नाव घालण्याआधी नेमणूकपत्र वाचावे. कलम १७ नुसार नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. आणि नेमणूकपत्रांतले शब्द कायद्याहूनही ऐसपैस असू शकतात. साल दरवर्षी वाढवत नेण्याच्या रिवाजाबद्दल मात्र मला आस्था नाही. जानेवारीत हजारो फायलींतला एक आकडा बदलणे हा निव्वळ सोपस्कार आहे. कर्ल या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाने २०२३ मध्ये फायलींतली साले काढूनच टाकली; त्यामुळे प्रकल्पाचे काही अडलेले नाही.

नाव मात्र काढून चालत नाही. रेल्वेच्या छोट्या प्रतिकृती संगणकावरून चालवणाऱ्या जेएमआरआय या मुक्त प्रकल्पाचे रॉबर्ट जेकबसन यांनी एका व्यावसायिक प्रतिस्पर्ध्यावर दावा लावला. तक्रार पैशांची नव्हती. प्रकल्पाच्या फायली घेताना लेखकांची नावे, हक्कसूचना, परवान्याच्या फायलीचा उल्लेख आणि कोणते बदल केले त्याची नोंद, हे सगळे गाळले गेले होते. खालच्या न्यायालयाने याला फार तर कराराचा भंग मानले. ऑगस्ट २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने तो निर्णय फिरवला: फुकट दिलेल्या वस्तूच्या अटी या परवान्याच्या अटीच आहेत, त्या मोडल्या तर कॉपीराइटचाच भंग होतो. नाव राहणे, नोंद राहणे हाच देणाऱ्याचा मोबदला असू शकतो, हे एका वरिष्ठ न्यायालयाने मान्य केले. भारतात २०१२ पासून कलम ६५ ब आहे. लेखकाचे नाव, मालकाचे नाव आणि वापराच्या अटी यांना कायदा 'हक्क व्यवस्थापनाची माहिती' म्हणतो, आणि ती जाणूनबुजून, अधिकार नसताना काढून टाकणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. पण काढून टाकायला आधी ती असावी लागते.

हे सगळे न्यायालयाचे झाले. मुक्त सॉफ्टवेअरसाठी आपल्याकडे न्यायालयात जाते कोण, असा शेवटचा आक्षेप उरतो. जातात ते फार थोडे, आणि जाणाऱ्यांनाही सूचना तारत नाही असे घडते. लिनक्सच्या गाभ्याचे एक लेखक क्रिस्टॉफ हेलविग यांनी, लिनक्सचा कोड जीपीएल न पाळता वापरल्याबद्दल व्हीएमवेअर या कंपनीविरुद्ध लावलेला दावा २०१६ मध्ये हाम्बुर्गच्या न्यायालयाने फेटाळला, कारण लिनक्समधल्या नेमक्या कोणत्या ओळी त्यांच्या हे त्यांना न्यायालयाच्या समाधानाइतके दाखवता आले नाही. माथ्यावरची ओळ पुराव्याची जागा घेत नाही, हे मान्य. पण या ओळींचा खरा वाचक न्यायाधीश नाहीच. तो आहे डेबियनमध्ये नवे पॅकेज आत घेण्यापूर्वी प्रत्येक फायलीचा परवाना तपासणारा स्वयंसेवक. तिथे प्रत्येक पॅकेजसोबत कॉपीराइट नावाची फाइल सक्तीची असते, आणि परवान्याचा ठाव लागत नसेल तर पॅकेज दाराबाहेरच राहते. तो आहे एखाद्या जिल्हा ग्रंथालयासाठी सूचीचे सॉफ्टवेअर शोधणारा, नियमाला भिणारा प्रामाणिक कर्मचारी. चोराला सूचनेने काही फरक पडत नाही. सूचना नसली तर अडतो तो सज्जन.

मराठी मजकूर संगणकावर वाचणाऱ्यांच्या नकळत हा प्रश्न त्यांच्या अक्षरांतूनही गेलेला आहे. रेड हॅट या कंपनीने दिलेला आणि पुण्यातल्या अभियंत्यांनी वर्षानुवर्षे सांभाळलेला लोहित हा फॉन्ट आधी जीपीएलखाली होता. फॉन्ट पीडीएफमध्ये जाऊन बसतो. मग जीपीएलचा फॉन्ट ज्या लग्नपत्रिकेत बसला ती लग्नपत्रिकाही जीपीएलची झाली का? ऐकायला हास्यास्पद, पण शंका खरी होती; इतकी, की फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने फॉन्टसाठी मुद्दाम अपवादाचे कलम लिहून दिले. ओपन फॉन्ट लायसन्स या परवान्याची २००७ ची आवृत्ती सरळ सांगते की फॉन्ट वापरून तयार केलेल्या दस्तऐवजाला या अटी लागू नाहीत. २०११ मध्ये लोहित त्या परवान्यावर गेला. फॉन्टच्या फायलीत हक्कसूचनेसाठी आणि परवान्यासाठी स्वतंत्र रकाने असतात, त्यामुळे अक्षरे कुठेही गेली तरी तो कागद त्यांच्या पोटात राहतो. लोहितला हा बदल करता आला, कारण तो करण्याचा अधिकार कोणाचा ते ठाऊक होते. त्याच सुमारास व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरच्या मंडळींना आपल्या इंजिनाचा परवाना जीपीएलवरून एलजीपीएल या त्याच्या सैल भावंडावर न्यायचा होता. त्यांच्याकडे एक नाव नव्हते, शेकडो होती, वर्षानुवर्षांच्या फायलींत विखुरलेली. प्रकल्पाचे प्रमुख जाँ-बाप्तिस्त कँफ ती यादी घेऊन एकेकाचा माग काढत संमती गोळा करत होते. गाभ्याचे काम २०११ च्या अखेरीस उरकले, बाकीच्या भागांसाठी आणखी जवळपास वर्ष गेले.